सफारीचा पैसा कुणाच्या पदरात?

शेतातून नुकत्याच परतलेल्या, चुलीपुढे बसलेल्या, गोठ्यात धार काढता काढता रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्या ताया, काकू, मावश्यांना माझा नमस्कार. मी तुमची सहयोगिनी. एरवी मी इथं बोलते ते बचतीवर, व्याजावर, बँकेच्या हप्त्यावर. आज विषय लांबचा आहे. आफ्रिकेतल्या केनिया देशातली सफारी, आणि तिथले लोक रानातली जनावरं कशी राखतात, हा तो विषय. पण घाबरू नका, शेवटी तोही हिशेबावरच येणार आहे. जंगल बघायला जो पैसा येतो, तो कुणाच्या पदरात पडतो, एवढंच मला आज सांगायचं आहे.

आधी शब्दापासून सुरुवात करते. सफारी म्हटलं की आपल्याला उघडी जीप आणि वाघ आठवतो. पण केनियाच्या स्वाहिली भाषेत सफारी म्हणजे नुसता प्रवास. आपण ‘सफर’ म्हणतो ना, तोच हा शब्द. दोघांचं मूळ अरबी. पूर्वी अरबांची आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांची गलबतं आफ्रिकेच्या किनाऱ्याला जात, तेव्हा मालाबरोबर शब्दही गेले आले. म्हणून तिथं चहाला चाय म्हणतात, चपातीला चपाती, दुकानाला दुका, गाडीला गारी आणि पैशाला पेसा. पहिल्याच दिवशी बाजारात हे कानावर पडलं आणि मला अर्धा परकेपणा गेल्यासारखं वाटलं.

माझं जाणं झालं ते धाकट्या बहिणीमुळे. तिचे यजमान नैरोबीला नोकरीला आहेत. ‘ताई, तिकिटाचं तू बघ, बाकीचं आमच्याकडे लागलं,’ असं ती तीन वर्षं म्हणत होती. तीन वर्षं साठवून मी तिकिटापुरते पैसे जमवले आणि मागच्या ऑगस्टमध्ये जाऊन आले.

कुणाच्या घरातलं कुणी जाणार असेल तर दोन-चार कामाच्या गोष्टी आधीच सांगते. केनियाला जाण्यासाठी प्रवासाची परवानगी ऑनलाइन काढावी लागते. पीतज्वराची लस निघण्याआधी किमान १० दिवस घ्यावी लागते, आणि ती सरकारने नेमलेल्या केंद्रातच मिळते. तिथं एक पिवळं कार्ड देतात, ते पासपोर्टासारखं जपायचं. ते नसेल तर आपल्या देशात परतताना विमानतळावरून थेट सहा दिवस वेगळं ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारायचं. आफ्रिका म्हणजे नुसतं ऊन, असं समजू नका. नैरोबी उंचावर आहे, ऑगस्टमध्ये स्वेटर लागतो. आणि प्लास्टिकच्या पिशव्या घरीच ठेवायच्या. केनियात २०१७ पासून कॅरीबॅगवर बंदी आहे आणि ती कागदावरची नाही. चटणी आणि शेंगदाण्याचे लाडू मी स्टीलच्या डब्यातून नेले.

नैरोबी ही राजधानी. गजबजलेली, उंच इमारतींची. आणि तिच्या कुशीलाच राष्ट्रीय उद्यान आहे. १९४६ साली झालेलं, केनियातलं पहिलं. गवतात जिराफ उभा आणि त्याच्या मागे शहराच्या इमारती दिसतात. त्या उद्यानाच्या कडेला हत्तींच्या अनाथ पिल्लांचं घर आहे. डेव्हिड शेल्ड्रिक हे त्सावो उद्यानाचे वनाधिकारी होते. ते वारल्यावर त्यांच्या पत्नी डॅफ्नी शेल्ड्रिक यांनी १९७७ साली ही संस्था सुरू केली. सकाळी एक तासभर लोकांना आत सोडतात. लाल मातीत लोळलेली पिल्लं रांगेनं धावत येतात आणि पोरं बाटलीवर तुटून पडावी तशी दुधाच्या बाटल्या घटाघटा पितात.

त्या दुधाची गोष्ट तुम्हाला आवडेल. हत्तीच्या तान्ह्या पिल्लाला गाईचं दूध पचत नाही. आईविना आणलेली पिल्लं डोळ्यांदेखत मरत. डॅफ्नीबाईंनी कितीतरी वर्षं वेगवेगळी दुधं करून पाहिली. शेवटी लहान मुलांच्या दुधाच्या पावडरीत खोबरेल तेल मिसळून केलेलं दूध पिल्लांना मानवलं. दर तीन तासांनी दूध, थंडीत अंगावर घोंगडी, आणि रात्री पिल्लाजवळ झोपायला माणूस. तो माणूसही बदलत ठेवतात, कारण पिल्लाला एकाचाच लळा लागला आणि तो रजेवर गेला तर पिल्लू खाणं सोडतं. मोठी झाली की त्यांना हळूहळू त्सावोच्या जंगलात रानटी कळपांत सोडतात.

पण ही पिल्लं अनाथ झाली कशी? काही विहिरीत पडलेली असतात, काही दुष्काळात आईपासून तुटलेली. आणि बरीचशी अशी, की ज्यांच्या आईला दातांसाठी मारलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला केनियात दीड लाखाहून जास्त हत्ती होते. १९९० येईपर्यंत वीस हजारांच्या आसपास उरले. एवढे हस्तिदंत जात होते कुठे? जगभर. दागिन्यांना, शिक्क्यांना, पियानोच्या पट्ट्यांना. आणि त्याआधीच्या काळात आपल्या मुंबई बंदरातही. झांजिबारहून हस्तिदंत भरून गलबतं मुंबईला लागत. त्याच्या बांगड्या होत. गुजरात-राजस्थानात नवरीच्या हातात हस्तिदंती चुडा भरायची रीत होती. म्हणजे एका बाईच्या सौभाग्यासाठी दुसरीकडे एक आई मरत होती. चुडा भरणाऱ्या बिचारीला ते कुणी सांगितलेलं नव्हतं. आता आपल्या देशात हस्तिदंताचा व्यापार कायद्यानं बंद आहे.

केनियानं १९७७ साली शिकारीवर बंदी घातली. १९८९ साली तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी जप्त केलेले १२ टन हस्तिदंत नैरोबीच्या उद्यानात जाहीरपणे जाळले. विकले असते तर देशाला पैसा मिळाला असता, पण मग बाजारही चालू राहिला असता. २०१६ साली पुन्हा १०५ टन जाळले. २०२१ च्या गणनेत केनियात ३६ हजारांहून जास्त हत्ती मोजले गेले. वाढ झाली. ती कायद्यानं झाली, पहारेकऱ्यांनी झाली, हे खरं. पण एवढ्यानं भागत नाही, हे मला पुढे मसाई माराला गेल्यावर कळलं.

नैरोबीहून गाडीनं पाच-सहा तासांवर मसाई मारा आहे. दीड हजार चौरस किलोमीटरचं राखीव जंगल. जंगल म्हणजे आपल्यासारखी दाट झाडी नाही. नजर पोचेल तिथवर गवत आणि मध्येच एखादं छत्रीसारखं बाभळीचं झाड. पलीकडे टांझानिया देश आणि त्याचं सेरेंगेटी. जनावरांना देशाची सीमा कळत नाही. विल्डबीस्ट नावाचं एक जनावर आहे, कुळ हरणाचं पण तोंडवळा बैलासारखा. अशी बारा-तेरा लाख जनावरं पावसामागे, गवतामागे वर्षभर गोल फिरतात. जुलै ते ऑक्टोबर ती माराकडे असतात. नदीत मगरी टपून बसलेल्या, तरी कळप उड्या टाकतात. पंढरीच्या वाटेवर दिंडीमागून दिंडी येत राहावी तशी ती रांग संपत नाही. मी सिंह पाहिले, चित्ता पाहिला, दोन पिल्लांना घेऊन झाडाखाली बसलेली. सगळं डोळ्यांत मावत नव्हतं.

आता हिशेबाकडे येते. परदेशी माणसाला त्या राखीव जंगलात जायला जुलै ते डिसेंबर या हंगामात एका दिवसाला २०० डॉलर पडतात. म्हणजे सोळा हजारांहून जास्त रुपये. एका माणसाचे, एका दिवसाचे. गाडी, राहणं, खाणं वेगळं. माझ्या मनात लगेच आलं, आपल्या एका गटाची वर्षाची बचत दोन दिवसांत संपली. मग हा पैसा जातो कुठे? फाटकाबाहेर गुरं राखणाऱ्या माणसाला त्यातलं काय मिळतं?

ही जमीन मुळात मसाई लोकांच्या चराईची. मसाई म्हणजे गुराखी जमात. गुरं हेच त्यांचं धन. आणि केनियातली निम्म्याहून जास्त रानटी जनावरं राखीव जंगलाच्या बाहेर, याच लोकांच्या जमिनीवर असतात. झेब्रा त्यांच्या गाईंच्या शेजारी चरतो. सिंह रात्री त्यांच्या गोठ्याशी येतो. मैत्रिणींनो, उसाच्या फडात बिबट्याची पिल्लं सापडली की आपल्या पोटात कसा गोळा येतो, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. दारातलं वासरू गेलं तर ‘बिबट्या निसर्गाचा ठेवा आहे’ हे ऐकायला आपल्याला कसं वाटतं, तेही तुम्हीच जाणता. तिथंही तसंच. गाय गेली की माणसं चिडून मेलेल्या गाईवर विष टाकत. एका विषानं सिंह जात, तरस जात, गिधाडं तर शेकड्यानं जात.

त्यात आणखी एक गोष्ट झाली. पूर्वी जमीन सामायिक होती. पुढे तिच्या वाटण्या झाल्या, ज्याला त्याला आपापला तुकडा नावावर मिळाला. जो तो कुंपण घालू लागला, कुणी विकू लागला. कुंपणं झाली की कळपांची वाट अडली. मग साधारण २००५-०६ पासून तिथं एक नवी पद्धत रुजली. शेजारच्या जमीनमालकांनी एकत्र यायचं, कुंपणं काढायची, आणि सलग झालेलं रान पर्यटकांच्या तंबूवाल्यांना भाड्यानं द्यायचं. याला ते कॉन्झर्व्हन्सी म्हणतात. आपण लोकांचं राखीव रान म्हणू.

मी राहिले त्या राखीव रानाचं नाव नाबोइशो. मसाईंच्या मा भाषेत नाबोइशो म्हणजे एकत्र येणं. २०१० साली झालेलं. पाचशेहून जास्त जमीनमालकांनी मिळून सुमारे ५० हजार एकर रान राखलं आहे. भाडं दर महिन्याला मालकाच्या खात्यावर जमा होतं. रानात किती तंबू असावेत याला मर्यादा आहे. एका सिंहाभोवती चार-पाचच्या वर गाड्या उभ्या करू देत नाहीत. बाहेर राखीव जंगलात नदीकाठी कधी कधी पन्नासच्या वर गाड्या गोळा होतात आणि बिचाऱ्या जनावरांना पलीकडे जायला वाट राहत नाही, त्या मानानं इथं शांतता. मालकांची गुरंही रानात चरतात, पण पाळीपाळीनं, कुठं कधी चरायचं हे बैठकीत ठरवून. गवत सगळ्यांना पुरलं पाहिजे, गाईलाही आणि झेब्र्यालाही.

आमची गाडी चालवणारी आणि जनावरं दाखवणारी एक मसाई मुलगी होती, विशी-बाविशीतली. वाटाड्यांच्या शाळेत ती शिकलेली. शंभर पक्ष्यांची नावं तिला पाठ. मी तिला म्हटलं, ‘सिंह पाहून झाले, आता मला तुझ्या गावातल्या बायका दाखव.’ ती हसली. म्हणाली, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती मला तिच्या मावशीकडे घेऊन गेली.

मसाई घरं बायका बांधतात. काटक्यांचा सांगाडा, त्यावर माती आणि शेणाचं लिंपण. मी भिंतीवरून हात फिरवला आणि म्हटलं, आमच्याकडेही शेणानं सारवतात. त्यावर सगळ्या जणी माझ्या हाताकडे बघायला लागल्या, हिचे हात कामाचे आहेत का म्हणून. मग गप्पा मोकळ्या झाल्या. त्यांचा गट होता. तिथं गटाला चामा म्हणतात. दर बैठकीला प्रत्येकीनं ठरलेली रक्कम टाकायची आणि पाळीनं एकीनं उचलायची. ही तर आपली भिशी! मी वही मागितली. त्यांनी काढली. आडव्या-उभ्या रेघा, नावं, रकमा, दंडाचा वेगळा रकाना. भाषा मला येत नव्हती, पण वही वाचता आली.

मग मी सहयोगिनीचा नेहमीचा प्रश्न विचारला. भाड्याचा पैसा कुणाच्या खात्यावर येतो? बायका एकमेकींकडे बघून हसल्या. मावशी म्हणाली, ‘जमीन ज्याच्या नावावर त्याच्या. म्हणजे नवऱ्याच्या.’ तो घरी किती देतो? ‘कुणी देतो, कुणी नाही.’ तिथं बसलेल्या अकरा जणींपैकी एकीच्याच खात्यावर भाडं येत होतं, आणि ती विधवा होती. तिची जमीन नवऱ्यामागं तिच्या नावावर झाली होती. केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेनं बाईला जमिनीत समान हक्क दिला आहे. पण घटनेतून सातबाऱ्यावर यायला किती वेळ लागतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आपल्याकडे लक्ष्मीमुक्तीची चळवळ झाली, १९९२ साली सरकारनं योजना काढली, तरी आज आपल्या किती जणींचं नाव सातबाऱ्यावर आहे? हात वर करा म्हटलं तर मोजायला एक हात पुरेल.

तोटा मात्र बाईचा पहिला. गाई पुरुषांच्या, पण दूध काढायचं आणि विकायचं बाईनं. सिंहानं दुभती गाय नेली तर पोरांच्या वाट्याचं दूध जातं. रान राखून ठेवलं तर सरपणाला लांब जावं लागतं, आणि त्या वाटेवर हत्ती उभा असतो. म्हणजे राखणीचं ओझं बाईवर आणि भाडं बाप्याच्या खात्यावर. हा हिशेब जुळत नव्हता.

मग त्यांनी काय केलं? त्यांनी मण्यांना हात घातला. मसाई बायकांचं मणीकाम पूर्वापार. लाल म्हणजे शौर्य, पांढरा म्हणजे दूध, निळा म्हणजे आभाळ. पूर्वी रस्त्याकडेला बसून पर्यटकांच्या मागे लागून विकायच्या, घासाघीस व्हायची, मधला माणूस नफा खायचा. आता गटानं माल होतो, दर ठरलेला, आणि पैसा बाईच्या मोबाइलवर येतो. तिथं २००७ पासून मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय आहे, एम-पेसा म्हणतात. त्यातला पेसा म्हणजे आपलाच पैसा. मावशी म्हणाली, ‘भाड्याचं विचारायला मला नवऱ्यापुढे उभं राहावं लागतं. मण्यांचा पैसा आला की फोन माझ्याच कमरेला वाजतो.’ त्या पैशातून तिनं दोन मुलींची शाळेची फी भरली होती. मी विचारलं, सिंहाचा राग येत नाही? ती म्हणाली, ‘येतो. पण सिंह नसेल तर मणी घ्यायला कोण येईल?’

मैत्रिणींनो, जंगल राखण्यावरची मोठमोठी भाषणं एका पारड्यात आणि हे एक वाक्य दुसऱ्या पारड्यात. जनावर तिथंच टिकतं, जिथं त्याच्या शेजारच्या घराला त्याचा काही फायदा आहे आणि त्या घरातल्या बाईला त्यात बोलायचा हक्क आहे.

अशी उदाहरणं आणखी आहेत. नैरोबीच्या उद्यानाला लागून राहणाऱ्या रिचर्ड तुरेरे नावाच्या मसाई मुलाकडे बापाची गुरं राखायचं काम होतं. सिंह गाई नेत. तो कंदील घेऊन गोठ्याभोवती फिरला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की सिंह हलत्या उजेडाला बिचकतो. त्यानं जुनी गाडीची बॅटरी, छोटं सौर पॅनेल आणि मोटरसायकलच्या इंडिकेटरचा डबा जोडून गोठ्याभोवती लुकलुकणारे दिवे लावले. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. सिंह यायचे थांबले. शेजाऱ्यांनी दिवे मागितले, पुढे हे दिवे कितीतरी ठिकाणी गेले. २०१३ साली त्यानं जगापुढे ही गोष्ट सांगितली. गाय वाचली म्हणून सिंहही वाचला.

त्सावोच्या बाजूला सगल्ला नावाची वस्ती आहे. तिथं हत्ती रात्रीत मक्याचं शेत आडवं करतात. लुसी किंग या अभ्यासक बाईंनी शेतकऱ्यांबरोबर एक युक्ती केली. हत्ती एवढा थोर, पण मधमाशीला घाबरतो. तेव्हा शेताभोवती दर दहा मीटरवर मधाची पेटी टांगायची आणि सगळ्या पेट्या तारेनं जोडायच्या. हत्तीनं तार ओढली की पेट्या हलतात, माश्या उठतात, हत्ती मागे फिरतो. सगळेच फिरतात असं नाही, पण बहुतेक फिरतात. पीक वाचतं, वर मध मिळतो. तिथल्या बायका तो मध काढायला, विकायला शिकल्या.

उत्तर केनियात सांबुरू लोकांनी २०१६ साली रेटेटी इथं स्वतः हत्तींच्या अनाथ पिल्लांचं घर काढलं. तिथं पिल्लांची देखभाल करायला सांबुरू बायकाही आहेत. आणि पिल्लांसाठी आसपासच्या बायकांकडून शेळीचं दूध विकत घेतात. शेळी बाईची, दूध बाईचं, पैसा बाईचा. हत्तीचं पिल्लू जगलं तर तिचं घर चालतं.

केनियाच्या बाहेर, झिंबाब्वेमध्ये २०१७ साली अकाशिंगा नावाचं पथक उभं राहिलं. शोना भाषेत अकाशिंगा म्हणजे शूर. शिकारचोरांना अडवणारं हे पथक सगळं बायकांचं. निवड करताना मुद्दाम विधवा, टाकलेल्या, मारहाण सोसलेल्या, एकटीनं मुलं वाढवणाऱ्या बायका घेतल्या. पहिल्या सोळा जणींनी बंदूक खांद्याला लावली तेव्हा गावानं हसून घेतलं असेल. पण पगार झाल्यावर त्या बायकांनी पोरांना शाळेत घातलं, घरं बांधली. हातात पगार आल्यावर घरात बाईचा शब्द कसा वजनदार होतो, ते आपण आपल्या गटांत पाहिलेलंच आहे.

सगळं गोडच आहे, असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. २०२० साली करोना आला, विमानं थांबली, पर्यटक आले नाहीत. मारातल्या राखीव रानांचं भाडं कमी झालं, थकलं. मणी पडून राहिले. त्या गटातल्या बायका म्हणाल्या, त्या वर्षी शेळ्या आणि भिशी यांनीच तारलं. म्हणून एकाच कमाईवर घर टांगू नये, हा आपला नेहमीचा धडा तिथंही खरा ठरला.

आणि यापेक्षा कडू गोष्ट सीमेपलीकडची. टांझानियात लोलिओंडो भागात जून २०२२ मध्ये सरकारनं दीड हजार चौरस किलोमीटर जमीन राखीव म्हणून खांब रोवायला घेतले. ती मसाईंच्या चराईची जमीन. लोकांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसं जखमी झाली, एक पोलीस मेला, कितीतरी कुटुंबं सीमा ओलांडून केनियात पळाली. तिथंही कारण जनावरं राखण्याचंच दिलं होतं. तेव्हा संवर्धन हा शब्द ऐकला की लगेच हात जोडायचे नाहीत. कुणाला विचारून, कुणाला हलवून, कुणाच्या फायद्याचं, हे विचारायचं.

म्हणून शेवटी हे प्रश्न सांगते. आपल्यातलं कुणी आफ्रिकेला जाईल न जाईल. पण आज आपली मुलं नोकरीला लागली आहेत, कुणाची पुण्याला, कुणाची परदेशात. ती उद्या सहलीला जातील, केनियाला नाही तर ताडोबाला. त्यांना सांगा, गाडी ठरवण्याआधी चार गोष्टी विचारा. राहण्याची जागा कुणाच्या जमिनीवर आहे आणि त्याला भाडं मिळतं का? कामाला गावातली माणसं आहेत का, आणि त्यात बायका किती? एका जनावराभोवती गाड्या किती उभ्या करता? आणि गावच्या बायकांच्या हातची वस्तू घ्यायची असेल तर पैसे थेट त्यांना पोचतात का? जो नीट उत्तर देईल त्याच्याकडे जा. उत्तर टाळणाऱ्याला पैसे देऊ नका. गिऱ्हाईक विचारायला लागलं की दुकानदार सुधारतो, हे बाजाराच्या दिवशी आपण रोज बघतो.

आणि एक प्रश्न आपल्या गटांसाठी. आपल्या डोंगरावर शनिवार-रविवारी शहरातली माणसं गाड्या भरून यायला लागली आहेत. भाकरी-पिठलं मागतात, झोपायला अंगण मागतात. त्याचा पैसा कुणाच्या खात्यावर जातो? पुढच्या मासिक बैठकीत हा विषय मी घेणार आहे. येताना प्रत्येकीनं घरच्या सातबाऱ्याची नक्कल आणावी. नाव कुणाचं आहे ते आधी वाचू, मग पुढचं बोलू.

त्या मसाई बायकांनी तुम्हा सगळ्यांना एक निरोप दिला आहे. मी त्यांना आपल्या गटांचा फोटो दाखवला होता, हळदी-कुंकवाच्या दिवशीचा. मावशीनं तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, ‘यांच्या बैठकीला उशिरा येणाऱ्याला दंड आहे का?’ मी म्हटलं, आहे, दहा रुपये. ती म्हणाली, ‘मग चांगल्या चालतील.’